खाचेचा पाठ : छावणी-चर्चमधील जुन्या लाकडी बाकांची दुरुस्ती आणि संहिताशोधनाची दृष्टी

पाठचिकित्सा ही संज्ञा उच्चारली की साहित्याच्या अभ्यासकासमोर हस्तलिखिते, पाठभेद आणि प्रक्षिप्त ओव्या उभ्या राहतात. एखाद्या जुन्या चर्चमधील मोडका बाक सहसा त्याच्या विचारात येत नाही. तथापि, काळाच्या ओघात झिजलेली, अनेक हातांनी बदललेली आणि आजही वापरात असलेली वस्तू दुरुस्त करावयास बसलेल्या कारागिरापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते संहितेच्या संपादकापुढील प्रश्नांहून फारसे निराळे नसतात. मूळ कोणते आणि मागाहून आलेले कोणते? मागाहून आलेले सारेच टाकाऊ असते काय? गळालेला भाग भरून काढावा की गळालेला आहे असे दाखवून तसाच ठेवावा? प्रस्तुत लेखात हे प्रश्न मुंबईतील कुलाब्याच्या अफगाण चर्चसारख्या छावणी-चर्चांमधील लाकडी बाकांच्या संदर्भात मांडले आहेत. दुरुस्तीचे तंत्र समजावून देणे हा लेखाचा पहिला हेतू असून, त्या तंत्रामागील निर्णयप्रक्रिया तौलनिक अभ्यासाला काय देऊ शकते, याचा विचार त्याला जोडून केला आहे.

१. दोन शब्दांचा प्रवास

चर्चमधील आसनाला इंग्रजीत जो ‘प्यू’ शब्द आहे, तो जुन्या फ्रेंचमधून आला व त्याचे मूळ लॅटिनमधील ‘पोडियम’ या शब्दाच्या अनेकवचनात आहे. पोडियम म्हणजे उंचवटा. ज्या आसनाकडे आज समूहाने बसण्याची साधी जागा म्हणून पाहिले जाते, त्याच्या नावातच उंचीचा, म्हणजे प्रतिष्ठेचा, अर्थ दडलेला आहे. मराठीत या वस्तूसाठी निराळा शब्द घडला नाही. शाळेतला, बागेतला, स्थानकावरचा आणि चर्चमधला असे सारे ‘बाक’ एकच. हा ‘बाक’ पोर्तुगीज ‘बँको’वरून मराठीत आला आणि पाद्री, पाव, बटाटा, तुरुंग यांच्या पंक्तीत इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. इंग्रजी शब्द आसनाची प्रतिष्ठा सांगतो, तर मराठी शब्द केवळ त्याचा उपयोग सांगतो. भाषांतरात हरवणारा हा फरक वस्तूच्या इतिहासात मात्र टिकून राहिलेला दिसतो.

२. प्रवचन, आसन आणि देह

मध्ययुगाच्या बऱ्याच मोठ्या कालखंडात युरोपातील चर्चच्या मुख्य दालनात उपासकांसाठी आसने नसत. लोक उभे राहत, गुडघे टेकत, फिरत. इंग्लंडमध्ये मध्ययुगाच्या उत्तरार्धात स्थिर बाक दिसू लागले आणि धर्मसुधारणेनंतर त्यांचा सर्वत्र प्रसार झाला. कारण उघड आहे. प्रॉटेस्टंट उपासनेत प्रवचनाला मध्यवर्ती स्थान मिळाले, आणि दीर्घ प्रवचन ऐकणाऱ्या श्रोत्याला बसण्याची सोय हवी होती. म्हणजे आसनाचा हा प्रकार एका वाङ्मयप्रकाराच्या पाठोपाठ आला.

सतराव्या-अठराव्या शतकांत या बाकांची उंच भिंतींची, दारे असलेली पेटीवजा दालने झाली. ती घराण्यांच्या मालकीची किंवा भाडेपट्ट्याची असत. गरिबांच्या वाट्याला मागच्या किंवा बाजूच्या मोकळ्या जागा येत. इंग्रजी साहित्याने या व्यवस्थेची दखल वारंवार घेतली आहे. जोनाथन स्विफ्टच्या ‘बॉसिस अँड फिलेमॉन’ या कवितेत झोपडीचे चर्च होते तेव्हा जुन्या पलंगाचे बाक होतात आणि लोकांना झोपवण्याचा आपला मूळ धर्म ते सोडत नाहीत. विल्यम होगार्थने १७३६ साली पेंगणाऱ्या श्रोतृवर्गाचे चित्र मुद्रित केले. जॉर्ज एलियटच्या ‘अ‍ॅडम बीड’ (१८५९) या कादंबरीचा नायक तर सुतारच आहे, आणि तिच्यातील गावच्या चर्चचे वर्णन चौकोनी बाकांच्या रचनेतून गावाची उतरंड उभी करते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासनेचा अनुभव या पार्श्वभूमीवर लक्षणीय ठरतो. १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन या देशी रूपांचा उपासनेत आग्रहाने पुरस्कार केला. कीर्तनाचा श्रोता जमिनीवर बसतो, टाळ धरतो, मध्येच नामघोषात सामील होतो, कधी उठून नाचतो. ओळीने बांधलेल्या, एकाच दिशेला तोंड केलेल्या बाकावर हे घडणे कठीण. बाक आणि सतरंजी यांतील निवड ही म्हणून केवळ सोयीची बाब उरत नाही. उपासनेचा शब्द कसा ऐकावयाचा, याविषयीच्या दोन भिन्न कल्पना तीत असतात.

३. कुलाब्याचे चर्च आणि बंदुकीची खाच

कुलाब्याच्या लष्करी वस्तीजवळ असलेले सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे चर्च ‘अफगाण चर्च’ या नावाने ओळखले जाते. पहिले इंग्रज-अफगाण युद्ध (१८३८-४२) आणि सिंधची मोहीम यांत मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले. पायाभरणी १८४७ साली झाली, जानेवारी १८५८ मध्ये ते उपासनेसाठी अर्पण करण्यात आले आणि मनोऱ्याचे काम १८६५ मध्ये पुरे झाले. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा, रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या, आणि अंतर्भागाच्या सजावटीशी विल्यम बटरफिल्ड यांचे नाव निगडित आहे.

या वास्तूमागे एक वाद उभा आहे. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटीने मध्ययुगीन गॉथिक शैलीचा पुरस्कार करतानाच पेटीवजा बाकांविरुद्ध मोहीम उघडली. तिचे एक संस्थापक जॉन मेसन नील यांनी १८४१ साली बाकांच्या इतिहासावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. दारे, कुलपे आणि भाडे यांनी देवळातही माणसामाणसांत भिंती उभ्या केल्या, हा त्यांचा मुख्य आक्षेप. कमी उंचीचे, दारे नसलेले, सर्वांना खुले असे बाक हे या सुधारणेचे फळ होय. कुलाब्याचे चर्च याच विचारांच्या प्रभावाखाली आकाराला आले.

या खुल्या बाकांवर मात्र बंदुका टेकवण्यासाठी खाचा आहेत. भारतातील इतर अनेक छावणी-चर्चांतही त्या आढळतात. त्यांचा संबंध १८५७ च्या घटनांशी जोडला जातो. त्या वर्षी १० मे रोजी मेरठमध्ये उठाव झाला, तो दिवस रविवार होता आणि गोऱ्या पलटणी संध्याकाळच्या उपासनेच्या तयारीत होत्या. तेव्हापासून शिपायांनी चर्चमध्येही शस्त्रे सोबत बाळगावीत, असा प्रघात पडला. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड बंदूक सुमारे १४० सेंटिमीटर लांब असे. एवढी लांब वस्तू बाकाला नुसती टेकवली, तर गुडघे टेकताना किंवा स्तोत्रासाठी उभे राहताना ती घसरून पडणार. म्हणून नळी अडकवण्यापुरती गोलाकार खाच कोरली गेली. जिच्या काडतुसांवरून असंतोष भडकला, ती बंदूकच अशा रीतीने प्रार्थनेच्या आसनाचा भाग झाली. कुलाब्याचे चर्च मेरठच्या उठावानंतर आठच महिन्यांनी अर्पण झाले, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते.

माणसामाणसांतील भिंत काढून टाकण्यासाठी घडवलेला बाक आणि बाहेरच्या माणसाच्या भीतीने त्यात पडलेली खाच, असे हे दोन परस्परविरोधी पाठ एकाच फळीवर आहेत. चर्चच्या स्मारकलेखात अधिकाऱ्यांची नावे आहेत, साध्या शिपायांचा उल्लेख मात्र समूहाने येतो. भिंतीवर ज्याला नाव मिळाले नाही, त्या वर्गाची देहखूण बाकांच्या खाचांत राहिली आहे. दुरुस्तीचा प्रश्न नाजूक होतो तो यामुळे.

४. थरांचे वाचन

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे नोंद. प्रत्येक बाकाला क्रमांक देऊन त्याची जागा नकाशावर दाखवली जाते, सर्व बाजूंची छायाचित्रे घेतली जातात आणि तडे, सैल सांधे, गहाळ भाग, नंतरचे खिळे, कोरलेली आद्याक्षरे, पितळी क्रमांकपट्ट्या यांची यादी केली जाते. हस्तलिखितांच्या संपादनातील प्रतिवर्णनाचे स्थान येथे या नोंदीला आहे. बाक उलटा करून त्याची खालची बाजू पाहणे विशेष महत्त्वाचे असते. तिथे सहसा पॉलिश पोचलेले नसते. रंध्याच्या आणि पटाशीच्या खुणा, सांधे जुळवण्यासाठी सुताराने केलेल्या रेघा तिथेच शाबूत राहतात. ज्या कारागिराचे नाव कोणत्याही दप्तरात आले नाही, त्याची सही अशाच एखाद्या रेघेत असते.

त्यानंतर पृष्ठभागाचे थर वाचावयाचे. जुन्या लाखेच्या पॉलिशवर जंबुपार किरणांचा दिवा धरला की ते नारिंगी छटेने चमकते. आधुनिक कृत्रिम वॉर्निश तसे चमकत नाही. एखाद्या नजरेआडच्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवला असता लाखेचा थर विरघळतो, पॉलियुरेथेनचा विरघळत नाही. अशा साध्या चाचण्यांतून कोणता थर कोणत्या काळातील, याचा क्रम लावता येतो.

खाच मूळची की मागाहून कोरलेली, याचा निर्णयही याच पद्धतीने होतो. सर्वांत जुना लाखेचा थर खाचेच्या आत अखंड उतरलेला असेल, तर बाक घडवतानाच खाच केली होती. हा थर खाचेच्या कडेशी तुटला असेल आणि आत केवळ नंतरचे थर असतील, तर खाच मागाहून आली. आतील हत्याराच्या खुणा इतर सांध्यांतील खुणांशी जुळतात की नाही, हेही पडताळले जाते. एखाद्या प्रतीतील जादा ओवीची शाई, हस्ताक्षर आणि भाषा तपासणाऱ्या संपादकाला ही रीत अपरिचित वाटू नये.

५. दुरुस्तीचे तंत्र

भारतातील जुन्या लाकूडकामात सागवानाला मानाचे स्थान आहे. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याला सहजी लागत नाही. बाहेरच्या कोवळ्या लाकडाला मात्र ते संरक्षण नसते, आणि कीड नेमकी तिथून शिरते. मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या शहरात दुसरी अडचण दमटपणाची. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असता लाकडातील ओलावा सुमारे ९ टक्के राहतो, ती ८० टक्क्यांवर गेली की तो १६ टक्क्यांच्या आसपास पोचतो. या फुगण्या-आकसण्याचा ताण रेषांच्या आडव्या दिशेने येतो. म्हणून फळी चारही बाजूंनी खिळून टाकणारी दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यानंतर नवा तडा देते.

कुसू आणि खाच यांचे जुने सांधे सहसा सरसाने जोडलेले असत. सरस गरम पाण्याने व वाफेने सुटतो, त्यामुळे सैल सांधा न मोडता उकलता येतो आणि ताज्या सरसाने पुन्हा बसवता येतो. ज्यांनी मधल्या काळात कृत्रिम गोंद आणि लोखंडी खिळे वापरले, त्यांनी पुढच्या कारागिराचे काम अवघड करून ठेवले. सांधा उकलताना तेथील मूळ लाकूडच फाटते, आणि दमट हवेत गंजलेला खिळा भोवतीचे लाकूड काळे करून कुजवतो.

कीड लागलेल्या भागात आधी ती निष्प्रभ करावी लागते. त्यासाठी बोरॉनयुक्त द्रावण वापरतात किंवा वस्तू हवाबंद आवरणात ठेवून काही आठवडे प्राणवायू काढून घेतात. पोखरलेल्या पण ठेवण्याजोग्या लाकडाला पॅरालॉइड बी-७२ सारख्या, पुढे विद्रावकाने काढता येणाऱ्या राळेने बळकटी देतात. जो भाग पूर्ण गेला आहे, तिथे त्याच जातीच्या, मुरलेल्या लाकडाचे थिगळ रेषांची दिशा जुळवून बसवले जाते. या तुकड्याच्या मागील बाजूस वर्ष कोरण्याची पद्धत आहे. पुढच्या अभ्यासकाला नवे-जुने ओळखता यावे, एवढाच तिचा हेतू.

शेवटचे काम पॉलिशचे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रतिष्ठा पावलेले ‘फ्रेंच पॉलिश’ मुळात लाखेचे, आणि लाख ही पळस, बोर अशा झाडांवरील कीटकांपासून मुख्यतः भारतात मिळणारी वस्तू. इंग्रजीतील ‘लॅक’ हा शब्दही संस्कृत ‘लाक्षा’वरूनच गेला. महाभारतातील जतुगृह जिच्यामुळे ज्वालाग्राही ठरले, तीच ही लाख. म्हणजे विलायती आराखड्याच्या, फ्रेंच नावाच्या या झिलईचे द्रव्य आणि त्याचे मूळ नाव दोन्ही येथलीच. लाखेचा मोठा गुण असा की ती स्पिरिटने केव्हाही उतरवता येते. पॉलियुरेथेन अधिक टिकाऊ आणि पाण्याला न जुमानणारे खरे, परंतु ते काढण्यासाठी खरवडावे लागते आणि खरवडताना लाकडावरचा काळाचा थरही निघून जातो. म्हणून जाणकार दुरुस्तीत लाखेला प्राधान्य मिळते. जो निर्णय पुढे मागे घेता येईल तोच घ्यावा, हे या साऱ्या तंत्रामागील सूत्र होय.

६. मतमतांतरे आणि संहितेचे संपादन

हे सूत्र सहजासहजी मान्य झालेले नाही. फ्रान्समध्ये व्हायोले-ल-द्यूक यांनी वास्तूला तिच्या आदर्श पूर्णावस्थेत नेणे म्हणजे पुनःस्थापना, असे मानले, मग ती अवस्था प्रत्यक्षात कधीच नांदली नसली तरी हरकत नाही. उलट जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये अशा पुनःस्थापनेला असत्य ठरवले. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, ती खरवडण्याच्या विरोधातील चळवळ म्हणूनच प्रसिद्ध झाली. तरुणपणी वास्तुविशारद म्हणून चर्चांच्या दुरुस्तीवर काम केलेले थॉमस हार्डी यांनी १९०६ मध्ये याच संस्थेसाठी लिहिलेल्या निबंधात, दुरुस्तीच्या नावाखाली किती जुने नष्ट झाले, याची खंत व्यक्त केली. पुढे चेझारे ब्रांदी यांचा १९६३ मधील सिद्धान्तग्रंथ आणि १९६४ चा व्हेनिस जाहीरनामा यांनी मधला मार्ग सांगितला. भरलेला भाग एकूण वस्तूशी सुसंगत दिसावा, परंतु मूळ म्हणून खपू नये. भित्तिचित्रांतील गळालेल्या जागा बारीक उभ्या रेघांनी भरण्याची इटालियन पद्धत दुरून चित्र अखंड दाखवते आणि जवळून भरणीची कबुली देते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अशीच एक खूण आहे. संपादकांना जो पाठ निश्चित वाटला नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ दिलेली असते. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वगळलेले श्लोक फेकून दिले नाहीत, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. नागमोडी रेघ आणि थिगळामागे कोरलेले वर्ष यांमागची नीती एकच आहे. वाचकाला फसवू नये.

मराठी परंपरेत याची दुसरीही बाजू दिसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रतिशुद्धी केली. अशुद्ध झालेली संहिता त्यांनी पठणासाठी, म्हणजे वापरासाठी, शुद्ध केली आणि पुढे कोणी भर घालू नये अशी ताकीद दिली. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांचा शोध जुन्या भाषारूपाचा होता. एकाला नित्यपाठाचा ग्रंथ हवा होता, दुसऱ्याला पुरावा. ‘जीर्णोद्धार’ या आपल्या शब्दातही वापराचीच बाजू प्रबळ आहे. मयमतासारख्या शिल्पग्रंथांनी जीर्ण वास्तूच्या नवीकरणाचे नियम दिले, कारण पूजा अखंड चालणे हा तिथे मुख्य हेतू. प्रामाण्याच्या कल्पना संस्कृतीगणिक बदलतात, हे १९९४ च्या नारा दस्तऐवजाने आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य केले.

७. खाच बुजवावी काय?

जुन्या चर्चचे बाक संग्रहालयातील वस्तू नव्हेत. त्यांवर आजही माणसे बसतात. वृद्ध उपासकाला डगमगणारा बाक नको असतो, आईला मुलाचे बोट अडकणारी खाच नको असते, आणि प्रार्थनेच्या जागी बंदुकीची आठवण नको, असेही एखाद्या भाविकाला मनापासून वाटू शकते. हा आक्षेप हलका मानून चालणार नाही. खाच ज्यांच्या भीतीने कोरली गेली, त्यांचेच वंशज आज तिथे प्रार्थना करीत असतील, तर ती राखण्याचा आग्रह त्यांच्यावर लादण्याचा अधिकार तज्ज्ञाला कितपत पोचतो?

तरीही, वर पाहिलेल्या तत्त्वांच्या आधारे काही मर्यादा आखता येतात. सांध्याची बळकटी, किडीचा नायनाट, टोचणाऱ्या कडा मऊ करणे ही वापराची निकड आहे, आणि तिच्यात पुराव्याची हानी होत नाही. खाच बुजवणे मात्र निराळे. लाकडाचा गट्टू डिंकाने पक्का बसवून वरून एकसारखे पॉलिश केले, तर बाक १८५७ पूर्वीचा होत नाही. भीती कधी नव्हतीच, असे सांगणारा तो एक नवा पाठ होतो. जी स्थिती या बाकांनी कधी पाहिली नाही, ती त्यांच्यावर लादली जाते. अगदीच आवश्यक असेल तिथे न चिकटवता बसवलेला, केव्हाही काढता येणारा लाकडी तुकडा हा तोडगा वापर आणि पुरावा या दोहोंचा मान राखतो. उरलेल्या बाकांच्या खाचा उघड्याच राहाव्यात, आणि त्या तशा का ठेवल्या याची नोंद दुरुस्तीच्या दप्तरात असावी.

समारोप

जुन्या बाकाची दुरुस्ती ही वाचनाची एक कृती आहे, आणि कोणत्याही वाचनाप्रमाणे तीत निवड अटळ असते. लाकूड, सरस, लाख यांच्या निवडीतून कारागीर जे ठरवतो, तेच संपादक पाठ, टीप आणि परिशिष्ट यांच्या मांडणीतून ठरवतो. दोघांची कसोटीही समान आहे. आपण काय केले हे पुढच्या माणसाला कळावे, आणि आपली चूक त्याला दुरुस्त करता यावी. छावणी-चर्चच्या बाकांवर सुधारकांची समता, सत्तेची धास्ती, अनाम सुताराचे कसब आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासकांच्या देहांची झीज हे सारे एकाच वेळी लिहिलेले आहे. त्यांतील एखादा पाठ आज अडचणीचा वाटतो म्हणून रंध्याखाली घालणे सोपे असते. निघालेला भुसा मात्र पुन्हा फळीवर चढवता येत नाही.